झामोश्च दाखवणारी मुलगी

कुवेतच्या एगैला भागातल्या त्या दवाखान्यात लहान मूल रक्त तपासायला आलं की आई-बाप आधी विचारायचे, मंदा सिस्टर आहेत का. मंदा सिस्टर नव्हती, लॅब टेक्निशियन होती. पण कुवेतमध्ये पांढरा कोट घातलेल्या भारतीय बाईला सगळे सिस्टरच म्हणतात, आणि तिनंही ते कधी दुरुस्त केलं नाही. पोराचा दंड हातात घ्यायची, त्याच्या आईला भिंतीकडे बघायला सांगायची, आणि पोरगं भोकाड पसरायला तोंड उघडेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची.

ती मूळची अंबाजोगाईची. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहासमोर तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. उद्याचे डॉक्टर पंक्चर काढायला यायचे, स्टुलावर बसून हाडांची नावं घोकायचे, आणि फ्रॉकमधली मंदा ती नावं त्यांच्याआधी पाठ करायची. बारावीला मार्क थोडे कमी पडले. चार दिवस रडली, पाचव्या दिवशी लॅबच्या डिप्लोमाचा फॉर्म भरून आली. पुढे लातूरकडच्या सुभाषचं स्थळ आलं. मुलगा कुवेतला एका कंपनीत अकाउंटंट. दोन हजार साली ती विमानात बसली, आणि दीड वर्षात फरवानियाच्या हॉस्पिटलात मैथिली झाली.

मैथिली डॉक्टर होणार हे मंदानं कधी ठरवलं ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक त्या स्टुलाजवळच ठरलं असावं. मुलीला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. मुलगी 'ओके' म्हणाली होती. पोलंडमध्ये लुब्लिनला इंग्रजीतून मेडिसिन शिकवतात, कुवेतची बरीच भारतीय मुलं जातात, त्यांच्याच इमारतीतल्या द्वारकाचा मुलगा प्रसन्नही तिथेच होता. मैथिलीला प्रवेश मिळाला त्या दिवशी मंदानं महबूला भागातल्या आपल्या अख्ख्या इमारतीत, अगदी खालच्या बंगाली वॉचमनलासुद्धा, पेढे वाटले. महाराष्ट्र मंडळात तेव्हापासून तिची ओळख करून देताना लोक म्हणायचे, "ह्या मंदाताई, डॉक्टरची आई." अजून सहा वर्षं आहेत हो, असं ती म्हणायची; पण ते ऐकायला आपल्याला किती आवडतं हे तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसायचं.

दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी फोन व्हायचा. मंदाचा पहिला प्रश्न ठरलेला: या आठवड्यात काय शिकलीस? मग मैथिली सांगायची. हृदयाच्या झडपा, मूत्रपिंडाचे आजार, अमुक प्रोफेसर कसे खडूस आहेत. मंदा ते ऐकता ऐकता भाजी निवडायची, मध्येच एखादा प्रश्न विचारायची, आणि शनिवारी लॅबमध्ये त्यावर बोलायची. फेब्रुवारी बावीसमध्ये युक्रेनात युद्ध पेटलं तेव्हा मात्र तिची झोप उडाली, कारण लुब्लिनपासून ती सरहद्द फार लांब नव्हती. सुभाषनं तिला समजावलं, मुलगी हॉस्टेलात आहे, अभ्यास करतेय, टीव्ही बंद कर. मुलीच्या काळजीनं तिचं बीपी वाढलं, गोळी सुरू झाली.

त्यानंतर मैथिली एकदाच घरी आली, हिवाळ्यात, आठ-दहा दिवसांसाठी. मंदानं स्वतःचे रक्ताचे रिपोर्ट तिच्यापुढे ठेवले. तिला स्वतःला ते डोळे मिटून वाचता येत होते, पण पोरीनं वाचावेत अशी हौस. मैथिली कागदाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नॉर्मल आहे, आई." मंदानं ते रिपोर्ट जपून ठेवले.

चोवीसच्या ऑगस्टमध्ये डॉक्टर सफिया सुट्टीवरून परतल्या. त्या हैदराबादच्या, दातांच्या डॉक्टर, दवाखान्यात येऊन जेमतेम चार महिने झालेले. कुवेतच्या उन्हाळ्यातून सुटायला म्हणून त्या कुटुंबासह पोलंडला जाऊन आल्या होत्या. त्यांचे मिस्टर सर्फराज यांना किल्ल्यांचं वेड, त्यामुळे वॉर्साहून डोंगराकडे जाताना त्यांनी वाट वाकडी करून झामोश्च नावाच्या एका लहानशा तटबंदीच्या गावात गाडी नेली होती. जेवणाच्या सुट्टीत सफियांनी मोबाईल मंदाच्या पुढे केला. तुमची मुलगी त्याच देशात आहे ना, म्हणून मुद्दाम दाखवते, त्या हिंदीत म्हणाल्या. आम्हाला तिथे गाईड कोण मिळाली असेल? एक भारतीय मुलगी! तीही कुवेतमध्ये जन्मलेली, नाव मात्र लक्षात राहिलं नाही. तुमची मैथिली कदाचित ओळखत असेल तिला.

व्हिडिओत एक मोठा चौरस चौक होता, रंगीत घरं होती, मागे उंच मनोऱ्याची इमारत. आणि पुढे मैथिली. हातात पिवळी छत्री, गळ्यात ओळखपत्र, आठ-दहा पर्यटक तिच्याभोवती. ती हसत काहीतरी सांगत होती, आणि तो दिवस शनिवार-रविवार नव्हता. सफियांनी तारीखही सांगितली. त्याच आठवड्यात शुक्रवारच्या फोनवर मैथिलीनं हा अख्खा आठवडा आपण सर्जरीच्या वॉर्डात उभे आहोत असं सांगितलं होतं.

मंदानं डबा बंद केला. गाव छान आहे, म्हणाली. तो व्हिडिओ मला पाठवा, असंही म्हणाली. मग उरलेली दुपार तिनं नेहमीसारखं काम केलं. एकाही रुग्णाला दोनदा टोचावं लागलं नाही.

संध्याकाळी सुभाष सोफ्यावर बसून बातम्या बघत होता. मंदानं बुरख्यासारखी ओढून घेतलेली ओढणीही काढली नाही, मोबाईल त्याच्या हातात दिला. सुभाषनं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"मी सांगणारच होतो तुला," तो म्हणाला.

मंदाला वाटलं होतं की तोही तिच्यासारखाच हादरेल. बसमधून येताना ती त्याचीच काळजी करत होती, याला कसं सांगू म्हणून. ती हळूच समोरच्या खुर्चीवर बसली.

"किती दिवस झाले?"

दोन वर्षं होऊन गेली होती. सुभाष सांगत गेला, आधी तुटक, मग भडाभडा. युद्ध सुरू झालं तेव्हा मैथिली इतर विद्यार्थ्यांबरोबर मदतीला गेली होती. झामोश्च सरहद्दीच्या अलीकडे, युक्रेनातून बायका-मुलं बसमधून तिथे उतरत होती. दोन दिवसांसाठी गेलेली मुलगी दोन महिने राहिली. एका म्हाताऱ्या बाईच्या घरी राहिली, तिच्याकडून पोलिश बोलायला शिकली. परीक्षा बुडाल्या. मग तिनं बापाला फोन करून सांगितलं की मला परत जायचं नाही, मला हे कधीच नको होतं. तिथल्याच कॉलेजात पर्यटनाचा कोर्स घेतला, गाईडचं काम धरलं. सुभाषनं खूप समजावलं, रागावला, शेवटी मान्य केलं. फीसाठी ठेवलेले पैसे तिच्याच नावानं बँकेत टाकून दिले. पैशाचा प्रश्नच नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, जणू मंदानं तोच विचारला होता.

"आणि दर शुक्रवारी ती मला सांगायची ते? झडपा, किडनी, प्रोफेसर?"

सुभाषनं तेही सांगितलं. प्रसन्न तिला विषयांची नावं पाठवत होता. कधी सुभाष स्वतःच ऑफिसमधून फोन करून तिला आठवण करून द्यायचा, आई या आठवड्यात असं विचारेल, तू असं सांग.

चोवीस वर्षं कुवेतमध्ये पुण्या-मुंबईच्या बायकांत राहून मंदाची भाषा बरीच घासली गेली होती. घरातसुद्धा ती 'का' म्हणायची. त्या संध्याकाळी तिच्या तोंडून माहेरचा शब्द आला.

"कामून नाही सांगितलं मला?"

"तुला झेपलं नसतं, मंदा," सुभाष म्हणाला. "तुझं बीपी, तुझं ते डॉक्टर-डॉक्टर... मी तुझाच विचार केला."

तो खरंच तसं मानत होता, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यामुळेच तिला पुढे भांडता आलं नाही. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. आपल्यावर उपकार केलेत असं वाटणाऱ्याशी काय भांडणार?

दुसऱ्या दिवशी ती द्वारकाकडे गेली. द्वारका त्याच इमारतीत, दोन मजले वर. मैथिलीच्या जन्मापासूनची मैत्रीण. मंदाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू तिनेच केले होते. प्रसन्नचं नाव सुभाषनं घेतलं होतं तरी मंदाला वाटत होतं, पोरापोरांतली गोष्ट असेल, द्वारकाला काय माहीत. चहाचा कप पुढे आला तेव्हा मंदा म्हणाली, मैथिलीनं शिक्षण सोडलंय. द्वारकाचा हात कपावरच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली.

एवढंच. काय सांगतेस, कधी, असं काही नाही. मग तिला आपण काय बोलून गेलो ते कळलं आणि ती रडायला लागली. सुभाषभावजींनी गळ घातली होती, तुझ्या तब्येतीचं सांगितलं होतं, माझा जीव किती वेळा वर-खाली झाला, असं काय काय म्हणाली. मंदा तिचं रडणं बघत बसली. संक्रांतीच्या हळदीकुंकवात याच बाईनं नव्या आलेल्या विशाखाला तिची ओळख करून दिली होती, ही मंदा, डॉक्टरची आई. नेहमीच्या आवाजात, हसत. मंदानं चहा संपवला, कप सिंकमध्ये विसळून ठेवला आणि खाली आली.

त्या शुक्रवारी मैथिलीचा फोन आला. बापानं आधीच सांगितलेलं असणार, कारण उचलल्याबरोबर पलीकडे हुंदके होते. मंदाला रडू आलं नाही. ती म्हणाली, "रडू नकोस. मला ते गाव बघायचंय. मी एकटी येणार आहे."

व्हिसा, रजा, तिकीट, सगळं तिनं स्वतः केलं. आजवर विमानतळावर पासपोर्ट सांभाळणंही सुभाषकडे असायचं. त्यानं मी येतो म्हटलं तेव्हा तिनं फक्त मान हलवली, नको.

सप्टेंबरच्या अखेरीला ती वॉर्साला उतरली, तिथून मुलीबरोबर बसनं झामोश्चला आली. बसमध्ये दोघी फारसं बोलल्या नाहीत. मैथिलीनं केस कापले होते, ते फोनवर दिसायचे. पण ती ड्रायव्हरशी, शेजारच्या बाईशी इतक्या सहज पोलिशमध्ये बोलायची, हे मंदाला नवीन होतं. आपल्या पोरीचा हा आवाज आपण कधी ऐकलाच नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मैथिलीची ठरलेली इंग्रजी फेरी होती. चार जर्मन, दोन डच बायका, एक म्हातारं जोडपं आणि मंदा. नगरभवनाच्या रुंद जिन्याखाली सगळे जमले. मैथिलीनं पिवळी छत्री वर केली आणि सांगायला सुरुवात केली. साडेचारशे वर्षांपूर्वी इथे मोकळी जमीन होती. यान झामोयस्की नावाच्या एका सरदारानं इटलीहून वास्तुकार आणला आणि कागदावर आखून अख्खं शहर उभं केलं. आखलं तेही माणसाच्या शरीरासारखं, असं इथले लोक सांगतात. पश्चिमेचा राजवाडा म्हणजे डोकं. तिथून निघणारा हा सरळ रस्ता म्हणजे पाठीचा कणा. हा चौक, बाजार, हे पोट. तटाचे बुरूज हे हातपाय.

बोलताना तिनं स्वतःच्या कपाळावर, मानेवर, पोटावर हात ठेवून दाखवलं. डच बायका हसल्या. मंदाला आपल्या पोरीचे हात दिसत होते. ती चांगली होती, खूपच चांगली होती. कुणाला कुठे उन्हात उभं राहावं लागतंय, म्हाताऱ्या आजोबांना कुठे बसवायचं, हे ती बोलता बोलता बघत होती. आणि ती जितकी चांगली वाटत होती तितकी मंदा घोळक्याच्या मागे मागे सरकत होती.

मग आर्मेनियन व्यापाऱ्यांची घरं आली, लाल, पिवळी, हिरवी, निळी, कोरीव नक्षीची. संस्थापकानं आर्मेनियन, ग्रीक, ज्यू व्यापाऱ्यांना बोलावून आणलं होतं, तुमचा धर्म तुम्ही पाळा, असा शब्द देऊन. बारा वाजता मनोऱ्यावरून तुतारी वाजली. ती तीनच दिशांना वाजते, मैथिली म्हणाली, क्राकोच्या दिशेला वाजत नाही. संस्थापकाचं तिथल्या राजाशी बिनसलं होतं, अशी कथा आहे. जर्मनांनी पाठ फिरवून कुठली दिशा गप्प आहे ते शोधलं.

ज्यूंचं प्रार्थनामंदिर शाबूत होतं, छतावरची नक्षीही. फक्त प्रार्थना करणारे राहिले नव्हते. जर्मन फौजांनी त्यांना नेऊन मारलं, मग आजूबाजूच्या शेकडो गावांतल्या पोलिश लोकांना घराबाहेर काढलं, त्यांची मुलं आयांपासून तोडून गाड्यांत भरली. हे सांगताना मैथिलीचा आवाज खाली आला, पण अडखळला नाही. शहराबाहेरच्या गोल तुरुंगात, जिथे हजारो मारले गेले, ती काहीच बोलली नाही. सगळ्यांना आपापलं फिरू दिलं. मंदा त्या विटांच्या भिंतीला हात लावून उभी राहिली. पोरगी युद्धातून आलेल्या बायकांसाठी इथे आली आणि राहिली, हे तिला तिथे समजलं. समजायला काही अवघड नव्हतं. कोणी सांगितलं असतं तर कुवेतमध्ये बसूनही समजलं असतं.

फेरी संपल्यावर दोघी चौकातल्या एका हॉटेलात बाहेरच्या टेबलाशी बसल्या. मैथिली मोकळी झाली होती. आईनं सगळं नीट ऐकलं, मध्ये एक-दोन प्रश्नही विचारले, म्हणून तिला हलकं वाटत असावं.

"पप्पा पण इथंच बसले होते," ती म्हणाली. "ह्याच टेबलावर. त्यांना ते बटाट्याचे पिएरोगी इतके आवडले, दोनदा मागवले. अख्खी टूर केली त्यांनी, टोपी घालून. तुझे ते अंबरचे कानातले पण त्या समोरच्या दुकानातून आम्ही दोघांनी मिळून..."

ती थांबली. मंदाच्या कानात तेच होते.

गेल्या वर्षी सुभाष कंपनीच्या ट्रेनिंगला म्हणून वॉर्साला गेला होता, मैथिली तिथेच येऊन भेटली असं त्यानं सांगितलं होतं. येताना कानातले आणले होते, विमानतळावरून घेतले म्हणाला होता. म्हणजे तो नुसता गप्प बसला नव्हता. तो इथे आला होता. त्यानं हे घरांचे रंग पाहिले होते, ती तुतारी ऐकली होती, आपल्या लेकीला लोकांपुढे उभं राहून बोलताना पाहून त्याचा ऊर भरून आला असेल. एक सबंध सुखाचा दिवस बापलेकीनं इथे घालवला होता, आणि तेव्हा ती एगैलात कोणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत होती.

मंदानं कानातले काढून रुमालात गुंडाळले.

"आई, मी 'ओके' म्हणाले होते ना, तेव्हा सतरा वर्षांची होते," मैथिली म्हणाली. "मी तुला सांगणार होते. पप्पा म्हणाले, थांब. आणि मग थांबणं सोपं वाटायला लागलं."

"तू डॉक्टर झाली नाहीस याचं वाईट वाटलं मला. ते गेलं," मंदा म्हणाली. "माझीच चूक होती थोडी, तेही कळलं. पण दर शुक्रवारी मी विचारायची आणि तू सांगायचीस. मी ते खरं समजून दुसऱ्या दिवशी लोकांना सांगायची. ते सगळं मी आता कुठं ठेवू?"

 मैथिलीनं आईचा हात धरला. मंदानं तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

कुवेतच्या विमानतळावर सुभाष न्यायला आला होता. गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, कसं वाटलं गाव?

"तुम्ही पाहिलंय की," मंदा म्हणाली.

सुभाषनं गाडी सुरू केली.

मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात कोणीतरी सवयीनं म्हणालं, या डॉक्टरच्या आई. मंदानं तिथल्या तिथे सांगितलं, ती डॉक्टर नाही, पोलंडमधल्या एका गावात लोकांना गाव दाखवते, छान दाखवते.  कोण चकित झालंय आणि कोण नुसतं खाली बघतंय, हे तिनं पाहून घेतलं. खाली बघणारे बरेच होते.

पंचवीसच्या सुरुवातीला सुभाष निवृत्त झाला. लातूरला घर बांधून तयार होतं, दोघांनी मिळून परतायचं असं वर्षानुवर्षं ठरलेलं. सामान बांधायची वेळ आली तेव्हा मंदानं सांगितलं की ती येणार नाही. तिचा अकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, तिच्या स्वतःच्या नोकरीवर होता, तो तिनं पुढे वाढवून घेतला होता. सुभाषला वाटलं, काही महिने थांबेल, राग जाईल. त्यानं लोकांनाही तेच सांगितलं. आणि लोकांनी ते सहज मानलं, कारण कुवेतमध्ये नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे हे कोणाला वेगळं वाटत नाही. अर्धं गाव तसंच राहतं. कोणी तिला काही विचारलं नाही.

ती आता महबूलातच, केरळच्या दोन नर्सेसबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते. त्यांच्याकडून अप्पम शिकली, त्यांना धपाटे शिकवले. मैथिलीचा फोन शुक्रवारी येतो. मंदा काय शिकलीस असं विचारत नाही. पोरगी काय सांगेल ते ऐकते. आज स्पेनचे लोक आले होते, काल पाऊस होता, घरमालकीणबाईंना बरं नाही. कधीकधी मंदाला हसू येतं. कधी ती म्हणते, चल, मला काम आहे, आणि नसतं.

सुभाषचा फोन रोज येतो. पूर्वी दोन वाक्यांत बोलणं उरकणारा माणूस आता सगळं सांगतो. नळाला पाणी किती वाजता आलं, मागच्या भिंतीत ओल धरली, शेजारच्यांच्या म्हशीनं तारेच्या कुंपणाचं काय केलं, दुपारी काय जेवला, कोणाला भेटला, त्यानं काय विचारलं, यानं काय उत्तर दिलं. तिनं विचारलेलं नसतं तेही सांगतो. मंदा हं हं करत ऐकते. त्यातलं किती खरं आहे हे तिला ठाऊक नसतं, आणि लातूरला दिलेली आपली बहीण आहे तिला विचारून बघावं, असंही तिला आता वाटत नाही.